पायऱ्या थायलंडकडे, गाभारा कंबोडियात : हजार वर्षं जुन्या डोंगरावरच्या शिवमंदिराची गोष्ट

देऊळ डोंगरावर असलं की चढण आलीच. जेजुरी असो, सप्तशृंगी असो नाहीतर पुण्याची पर्वती, पायऱ्या मोजत, मध्ये दम खात माणूस वर पोहोचतो आणि देवाला भेटतो. पण समजा पहिली पायरी एका देशाच्या तोंडाशी आहे, गाभारा दुसऱ्या देशात आहे आणि मधे काटेरी तारा लावून दोन्हीकडचे सैनिक उभे आहेत, तर?

ही कल्पना नाही. थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर असं देऊळ खरोखर आहे. त्याचं नाव प्रेह विहेअर. देव शंकर. दोन्ही देश बहुसंख्य बौद्ध, आणि या देवळावरून ते गेली सत्तर वर्षं भांडतायत. कधी आंतरराष्ट्रीय न्यायालयात, कधी तोफा घेऊन.

आधी डोंगर समजून घेऊ, कारण सगळं भांडण त्या डोंगराच्या आकारातून सुरू होतं.

थायलंड आणि कंबोडियाच्या मधे डांगरेक नावाची डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरलीय. सह्याद्री डोळ्यासमोर आणला तर ती चटकन कळते. सह्याद्री देशाच्या बाजूने हळूहळू चढत जातो आणि कोकणाच्या बाजूला एकदम कड्यासारखा तुटतो. डांगरेकचंही तसंच. उत्तरेला थायलंड, म्हणजे आपल्या हिशोबाने 'देश'. तिकडून उतार सौम्य आहे. दक्षिणेला कंबोडिया, म्हणजे 'कोकण'. तिकडे सरळसोट कडा. प्रेह विहेअर या कड्याच्या अगदी टोकावर आहे. खाली कंबोडियाचं मैदान, आणि मैदानापासून देवळापर्यंतची उंची सुमारे ५२५ मीटर.

मंदिर बांधणाऱ्यांनी सोपी बाजू निवडली. त्यामुळे मुख्य पायऱ्या उत्तरेकडे उतरतात, आजच्या थायलंडच्या दिशेने. ख्मेर राजांची बहुतेक मंदिरं पूर्वाभिमुख असतात, हे उत्तराभिमुख आहे. तेव्हा ती अडचण नव्हतीच. डोंगराच्या दोन्ही अंगांना ख्मेर साम्राज्यच होतं. आजच्या थायलंडच्या त्या भागात फिमाई, फनोम रुंग अशी ख्मेर मंदिरं अजून उभी आहेत. एक दिवस या उतारावर कुणीतरी सीमारेषा ओढेल, हे त्या राजांच्या गावीही नसणार.

नावात 'विहार', आत 'शिखरेश्वर'

'प्रेह' म्हणजे पवित्र, आणि 'विहेअर' म्हणजे आपलाच 'विहार'. पण हे नाव नंतरचं, बौद्ध काळातलं. इथल्या संस्कृत आणि ख्मेर शिलालेखांत देवाचं नाव येतं ते शिखरेश्वर, शिखराचा स्वामी. आपल्याकडे शिखर शिंगणापूर म्हणतो तितकं ते ओळखीचं वाटतं.

इथे देवस्थान सुरू झालं नवव्या शतकात. आज दिसणारं बरंचसं बांधकाम अकराव्या शतकातल्या पहिल्या सूर्यवर्मन राजाच्या काळातलं आणि बाराव्या शतकातल्या दुसऱ्या सूर्यवर्मनच्या काळातलं आहे. हा दुसरा सूर्यवर्मन म्हणजे अंगकोर वाट बांधणारा राजा. त्याचा गुरू होता दिवाकरपंडित नावाचा वयोवृद्ध ब्राह्मण. राजाने या गुरूला पांढरी छत्रं, सोन्याची भांडी, हत्ती असं दान दिल्याचा आणि दिवाकरपंडिताने मंदिराला नाचणाऱ्या शिवाची सोन्याची मूर्ती अर्पण केल्याचा उल्लेख इथल्या शिलालेखात आहे. ती मूर्ती आता नाही.

देवळाची रचना एका इमारतीची नाही. ती एक वाट आहे, सुमारे ८०० मीटर लांब. सुरुवातीला रुंद दगडी जिना, दीडशेहून जास्त पायऱ्यांचा. काही ठिकाणी पायऱ्या बसवलेल्या नाहीत, डोंगराच्या कातळातच कोरल्यात. जिना संपला की दोन्ही बाजूंना सात फण्यांचे दगडी नाग लांबच लांब पहुडलेले. मग पहिलं गोपुर, मग फरसबंदी वाट, पुन्हा चढ, पुन्हा गोपुर. अशी पाच गोपुरं. गंमत म्हणजे अभ्यासकांनी त्यांचे आकडे गाभाऱ्यापासून मोजलेत, त्यामुळे चढणाऱ्याला आधी पाचवं गोपुर भेटतं आणि शेवटी पहिलं.

चौथ्या गोपुराच्या दक्षिण दारावर समुद्रमंथन कोरलंय. देव एका बाजूला, असुर दुसऱ्या बाजूला आणि मधे वासुकीची दोरी. त्याच्याच खाली शेषावर पहुडलेला विष्णू. तिसऱ्या गोपुरावर नंदीवर बसलेले उमा-महेश्वर. भारतातून गेलेल्या माणसाला इथे गाईडची फारशी गरज पडत नाही, गोष्टी घरच्याच आहेत. माणसांचे चेहरे आणि दागिने तेवढे ख्मेर.

सगळ्यात वर भिंतींनी वेढलेलं अंगण, मंडप आणि गाभारा. मंडप बऱ्यापैकी शाबूत आहे, गाभाऱ्याचं शिखर कोसळून दगडांचा ढीग झालाय. आणि इथे माणूस चक्रावतो. एवढं चढून आल्यावर समोर दरीचा देखावा उलगडेल असं वाटतं, पण दक्षिणेची भिंत बंद आहे. दरीचं दृश्य पाहायचं तर देवळाच्या बाजूने बाहेर पडून भिंतीला वळसा घालायचा, मग कड्याचं टोक येतं आणि पायाखाली कंबोडिया पसरलेला दिसतो. या रचनेमागचं कारण कुठल्या शिलालेखात लिहिलेलं नाही. पण इथवर चालत आलेल्याचं तोंड दरीकडे नाही, देवाकडेच राहतं, एवढं नक्की.

नकाशाच्या १५ जादा प्रती

आता भांडणाकडे. १९०४ मध्ये कंबोडियावर फ्रान्सची सत्ता होती आणि थायलंड तेव्हा सयाम होता. दोघांनी करार केला की डांगरेकच्या या भागात सीमा जलविभाजकावरून जाईल. म्हणजे पावसाचं पाणी डोंगराच्या ज्या रेषेवरून दोन बाजूंना वाटलं जातं, ती रेषा. आपल्या भाषेत घाटमाथा. या नियमाने पाहिलं तर कड्याच्या टोकावरचं देऊळ सयामच्या बाजूला यायला हवं, असं थायलंडचं म्हणणं होतं आणि आजही आहे.

पण करार करणं वेगळं आणि नकाशा काढणं वेगळं. नकाशा काढायचं काम सयामने फ्रेंच अधिकाऱ्यांवर सोपवलं. १९०७ मध्ये नकाशा तयार झाला, १९०८ मध्ये सयामला मिळाला. त्यात रेषेने देवळापाशी वळण घेतलं होतं आणि देऊळ कंबोडियात गेलं होतं.

सयामने आक्षेप घेतला का? नाही. उलट तेव्हाचे गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी फ्रेंचांचे आभार मानले आणि आपल्या प्रांताधिकाऱ्यांना वाटण्यासाठी आणखी १५ प्रती मागवल्या. पुढे अर्ध्या शतकानंतर या १५ प्रती थायलंडला फार महागात पडल्या.

आणि त्याहून महागात पडली एक भेट. १९३० मध्ये हेच दामरोंग देऊळ बघायला आले. हा माणूस साधासुधा नव्हता. राजघराण्यातला, थायलंडच्या आधुनिक इतिहासलेखनाचा जनक मानला जाणारा. जुन्या वास्तूंची त्यांना मनापासून आवड. सयामच्या बाजूने ते वर पोहोचले तर तिथे फ्रेंच अधिकारी स्वागताला हजर आणि फ्रान्सचा झेंडा फडकत होता. म्हणजे फ्रेंच यजमान आणि सयामचा राजपुत्र पाहुणा. दामरोंग यांनी मंदिर पाहिलं, निषेध केला नाही आणि परतल्यावर फ्रेंचांना भेटीचे फोटोही पाठवले.

त्यांच्या मुलीने नंतर न्यायालयापुढे सांगितलं की निषेध केला असता तर फ्रेंचांना आणखी मुलूख बळकवायला निमित्तच मिळालं असतं. त्या काळचा फ्रान्स पाहता हे पटण्यासारखं आहे. सयामने तोवर बराच प्रदेश फ्रेंचांना गमावला होता. पण न्यायालयात भीतीपेक्षा वागणूक मोजली जाते.

१९५३ मध्ये कंबोडिया स्वतंत्र झाला. फ्रेंच निघून गेले, थायलंडने देवळावर आपले लोक बसवले. १९५९ मध्ये कंबोडियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा टाकला. कंबोडियाच्या वकिलांत अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अचेसन होते, थायलंडच्या बाजूने माजी पंतप्रधान सेनी प्रामोज.

१५ जून १९६२ ला निकाल लागला. नऊ विरुद्ध तीन मतांनी देऊळ कंबोडियाचं ठरलं. न्यायालयाने जलविभाजक नेमका कुठून जातो या खोलात जाण्याचंच टाळलं. थायलंडने नकाशा घेतला, वापरला, पन्नास वर्षं तक्रार केली नाही, म्हणजे तो मान्य केला, असा एकूण युक्तिवाद. १९३४-३५ मध्ये थायलंडच्या स्वतःच्या मोजणीत नकाशा आणि जलविभाजक जुळत नसल्याचं दिसलं होतं, तरी त्यांनी देऊळ कंबोडियात दाखवणारे नकाशे वापरणं चालूच ठेवलं. तेही अंगाशी आलं.

थायलंडमध्ये संतापाची लाट उसळली. सैन्य मागे घ्यावंच लागलं, पण झेंडा खाली उतरवायचा नाही असं ठरलं. मग काय केलं? झेंड्यासकट अख्खा खांबच उपटला आणि समोरच्या फा मो ई डेंग या थायलंडच्या कड्यावर नेऊन रोवला. झेंडा उतरला नाही, खांबासकट सरकला.

कड्यावरून चढणारा राजपुत्र

कंबोडियाला देऊळ मिळालं, पण वाट नाही मिळाली. सोपा जिना थायलंडकडे. कंबोडियाच्या बाजूला कडा.

जानेवारी १९६३ मध्ये ताबा घेण्याचा समारंभ झाला. कंबोडियाचे प्रमुख राजपुत्र सिहानूक यांनी तो कडा पायी चढायचं ठरवलं आणि तासाभराच्या आत वर पोहोचले. त्यांच्यासोबत सुमारे हजार लोक होते. वर त्यांनी बौद्ध भिक्खूंना दान दिलं आणि जाहीर केलं की थाय लोकांना देवळात यायला व्हिसा लागणार नाही, आणि इथून नेलेल्या जुन्या वस्तू थायलंडला ठेवायच्या असतील तर खुशाल ठेवाव्यात. न्यायालयाने त्या वस्तू परत करायला सांगितलं होतं, तरीही. जिंकणाऱ्याने इतका समजूतदारपणा दाखवल्याची उदाहरणं सीमावादांत शोधावी लागतात.

पण पुढची तीस-पस्तीस वर्षं भाविक राहिले बाजूला, देवळात बंदूकधारीच राहिले. ज्या कड्यामुळे इथे देव बसवला, त्याच कड्यामुळे ही जागा लष्करी चौकी म्हणून उत्तम ठरली. १७ एप्रिल १९७५ ला राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूजच्या हाती पडली, तरी जुन्या सरकारचे सैनिक या डोंगरावर मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होते.

यानंतर जे घडलं त्याबद्दल इथे फिरायला येणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. ख्मेर रूजची राजवट कोसळल्यावर हजारो कंबोडियन लोक जीव वाचवायला थायलंडमध्ये पळाले होते. जून १९७९ मध्ये थायलंडच्या सरकारने त्यातल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांना बसमध्ये भरून या देवळापाशी आणलं आणि कड्यावरून खाली, कंबोडियात, उतरायला भाग पाडलं. खाली जंगलात भूसुरुंग पेरलेले होते. मागे फिरणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हजारो माणसं मेली. आज पर्यटक ज्या टोकावर उभे राहून फोटो काढतात, त्याच डोंगराचा हा उतार.

देऊळ १९९२ मध्ये थोड्या काळासाठी लोकांना उघडलं, पुन्हा ख्मेर रूजच्या ताब्यात गेलं. १९९८ च्या शेवटी त्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या शरणागतीची बोलणी याच देवळात झाली. मग काही वर्षं चांगली गेली. थायलंडकडून पर्यटक तिकीट काढून, व्हिसा न घेता, सीमा ओलांडून जिना चढायचे, संध्याकाळी परत जायचे. सिहानूक म्हणाले होते तसंच. २००३ मध्ये कंबोडियाच्या बाजूने रस्ताही झाला.

वारसा यादीत गेलं आणि दार बंद झालं

जुलै २००८ मध्ये युनेस्कोने प्रेह विहेअरला जागतिक वारसा यादीत घेतलं. कंबोडियात जल्लोष झाला आणि थायलंडमध्ये राजकारण पेटलं. यादीत घालायला पाठिंबा दिल्यावरून थायलंडच्या परराष्ट्रमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. कारण १९६२ चा निकाल देवळाचा होता. भोवतालच्या साडेचार चौरस किलोमीटर जमिनीवर दोन्ही देश हक्क सांगत होते. दोन्हीकडचं सैन्य आलं, थायलंडकडची वाट बंद झाली, ती आजतागायत बंद आहे.

फेब्रुवारी २०११ मध्ये तोफा चालल्या, देवळाच्या दगडांनाही मार बसला. कंबोडिया पुन्हा हेगला गेला. ११ नोव्हेंबर २०१३ ला न्यायालयाने १९६२ च्या निकालाचा अर्थ स्पष्ट केला : नुसतं देऊळ नाही, देऊळ ज्या डोंगरसोंडेवर उभं आहे ती सगळी कंबोडियाची. शेजारची टेकडी मात्र त्यात धरली नाही. म्हणजे भांडणाला थोडी जागा शिल्लक राहिलीच.

जुलै २०२५ मध्ये ते पुन्हा पेटलं. सुरुवात झाली ती याच रांगेतल्या ता मुएन थोम या दुसऱ्या देवळापाशी. तेही शिवमंदिर, आणि तिथलं लिंग कातळातलंच, स्वयंभू. पाच दिवस लढाई चालली, एका बाजूने रॉकेटं, दुसऱ्या बाजूने एफ-१६ विमानं. लाखो लोकांनी घरं सोडली. मलेशियात शस्त्रसंधी झाली, पण डिसेंबरमध्ये पुन्हा चकमकी सुरू झाल्या. प्रेह विहेअरचं नुकसान झाल्याचा आरोप कंबोडियाने केला. थायलंडने उलट सांगितलं की कंबोडियाचं सैन्य देवळाचा आडोसा घेतं.

या वेळी भारतानेही चिंता व्यक्त केली. ती नुसती शिवमंदिर आहे म्हणून नव्हती. प्रेह विहेअरच्या जतनासाठी २०१४ पासून जी आंतरराष्ट्रीय समन्वय समिती आहे, तिचं सहअध्यक्षपद भारत आणि चीनकडे आहे, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातं तिथल्या कामात आहे. हेच खातं १९८६ ते १९९३ मध्ये अंगकोर वाटवर आणि नंतर ता प्रोमवर काम करत होतं. सीमेवर लडाखमध्ये आमनेसामने उभे असलेले दोन देश इथे एका समितीत शेजारी बसतात, हाही एक योगच.

जायचं असेल तर

सीमा तापलेली असते तेव्हा देऊळ पर्यटकांना बंद असतं. त्यामुळे आधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि कंबोडियाच्या सूचना बघा, तिकीट नंतर काढा. शांतता असताना वाट अशी आहे : अंगकोर वाट बघायला लोक जिथे उतरतात त्या सिएम रीपहून निघायचं. साधारण दोनशे किलोमीटर, तीन-चार तास. शेवटचं मोठं गाव स्रा एम. डोंगराच्या पायथ्याशी तिकीटघर आहे, तिथे पासपोर्ट लागतो. आपली गाडी तिथेच ठेवायची. वरचा काँक्रीटचा रस्ता इतका खडा आहे की पुढे पिकअप किंवा स्थानिक मोटारसायकलवालेच नेतात. माथ्यावर उतरून मूळ पायऱ्यांच्या वाटेवर यायचं आणि एकेक गोपुर मागे टाकत चढायचं. मळलेली वाट सोडायची नाही. भूसुरुंग काढण्याचं काम बरंच झालंय, पण हा डोंगर त्या बाबतीत विश्वास टाकण्यासारखा नाही.

मोटारसायकलवर बसायचं नसेल तर अजून एक वाट आहे. पूर्वेकडून कंबोडियाच्या मैदानातून थेट कडा चढणारा जुना जिना. त्यावर आता लाकडी पायऱ्या बसवल्यात. पायऱ्या २,२४२. गुडघे साथ देत असतील आणि पहाटे सुरुवात केली तरच या फंदात पडा, कारण नऊनंतर ऊन भाजून काढतं.

आणि थायलंडच्या बाजूला असाल तर फा मो ई डेंगच्या कड्यावरून समोर देऊळ दिसतं. जवळ वाटतं, पण जाता येत नाही. १९६२ मध्ये उचलून आणलेला तो खांब याच कड्यावर रोवला होता.